जुन्या सिल्व्हराडोच्या ट्रान्समिशनसाठी एसीडेल्को डेक्सरॉन सिक्स: फ्लुइड चांगलंच आहे, पण मोजायचं कसं ते आधी वाचा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना शेवटपर्यंत जायची गरज नाही. तुमच्याकडे जुनी शेवी (शेव्हरोलेट) सिल्व्हराडो १५०० असेल, आत फोर-स्पीडचं ४एल६०-ई ऑटोमॅटिक ट्रान्समिशन असेल आणि डिपस्टिकवर फ्लुइड कमी दिसत असेल तर एसीडेल्कोचं डेक्सरॉन सिक्स (बाटलीवर रोमन आकड्यात सहा लिहिलेलं असतं) बिनधास्त घ्या. एक क्वार्टची बाटली पुरते, उलट उरते. फ्लुइडला माझ्याकडून पाचपैकी पाच. पण दुकानात जाऊन योग्य बाटली उचलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, अवघड आहे ते लेव्हल बरोबर वाचणं आणि मोजून घालणं, आणि गाडीची वाट लागते ती तिथेच लागते. म्हणून इथे बाटलीबद्दल कमी आणि मोजण्याबद्दल जास्त लिहितोय.

मी ह्यूस्टनच्या जवळ राहतो. ट्रक २००८ ची आहे, ५.३ लिटर व्ही-एट, टू-व्हील ड्राइव्ह, सेकंडहँड घेतलेली, मीटर दीड लाख मैलांच्या पुढे गेलंय. घरची कामं, मल्च आणणं, कोणाचं फर्निचर हलवणं, आणि गणपतीच्या दिवसात आमच्या पथकाचे ढोल, ताशे, ध्वज, साउंडचं सामान ट्रेलरवर टाकून नेणं हे सगळं तिच्यावर चालतं. इकडे सप्टेंबरमध्येही दुपारी ९० फॅरनहाइटच्या वर ऊन असतं आणि आय-टेन हायवेवर ट्रॅफिक म्हणजे थांब-चाल थांब-चाल, मागे ट्रेलर. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर उष्णतेचा. त्यामुळे या गाडीच्या फ्लुइडकडे मी इंजिन ऑइलपेक्षा जास्त लक्ष देतो आणि ज्यांच्याकडे अशी ट्रक आहे त्यांनीही द्यावं असं मनापासून वाटतं.

लक्षण काय होतं ते सांगतो कारण बऱ्याच जणांना हेच होतं आणि ते वेगळंच काहीतरी समजतात. सकाळी थंड गाडी चालू केली, पार्कमधून रिव्हर्समध्ये टाकली की एक-दोन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग हलका झटका देऊन गिअर लागायचा. गाडी गरम झाली की सगळं नीट. लोक लगेच म्हणतात ट्रान्समिशन गेलं, दुसरं टाकावं लागेल, तीन-चार हजार डॉलर. अरे पण आधी डिपस्टिक तर बघा! फ्लुइड कमी असलं की पंपाला पुरेसं तेल मिळत नाही, प्रेशर तयार व्हायला वेळ लागतो, क्लच वेळेवर पकडत नाहीत, म्हणून गिअर उशिरा लागतो. वळणावर किंवा चढावर क्षणभर आरपीएम वर जाऊन गाडी ओढत नाही, तेही याच कारणाने होऊ शकतं. प्रत्येक वेळी हेच कारण असेल असं नाही, पण सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आहे आणि फुकट आहे.

आता दुकानातला भाग. ऑटो पार्ट्सच्या दुकानात ट्रान्समिशन फ्लुइडचं शेल्फ बघितलं की डोकं गरगरतं, तीस-चाळीस प्रकारच्या लाल-निळ्या बाटल्या. त्यात सगळ्यात खाली, सगळ्यात स्वस्त, डेक्स/मर्क असं लिहिलेल्या बाटल्या असतात. हे म्हणजे जुन्या डेक्सरॉन थ्री आणि जुन्या मरकॉनच्या (फोर्डचं फ्लुइड) धर्तीवरचं तेल. जीएमने (जनरल मोटर्स, शेवी बनवणारी कंपनी) डेक्सरॉन थ्रीची लायसन्सं २००६ च्या शेवटी बंद केली, त्यामुळे आज त्या नावाने जे विकतात त्यावर जीएमची काही तपासणी नाही. डेक्सरॉन सिक्स जीएमने २००६ च्या मॉडेलपासून फॅक्टरीत भरायला घेतलं, ते थ्रीपेक्षा थोडं पातळ आहे पण गरम होऊन-होऊन लवकर खराब होत नाही, आणि मुख्य म्हणजे जुन्या जीएम गाड्यांमध्येसुद्धा चालतं. म्हणजे तुमची ट्रक १९९९ ची असली तरी सिक्स घाला, पण २००६ पासूनच्या ट्रकमध्ये थ्री घालू नका. उलटं चालत नाही.

बाटली खरी लायसन्सवाली आहे का ते ओळखायचं सोपं आहे, लेबलवर डेक्सरॉनच्या नावाजवळ 'जे' अक्षराने सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. तो असला की मग ब्रँड कुठलाही घ्या, व्हॅल्व्होलिन, कॅस्ट्रॉल, काही फरक पडत नाही. मी एसीडेल्को घेतलं कारण तो जीएमचाच ब्रँड आहे, त्या दिवशी शेल्फवर होतं आणि क्वार्टला नऊ डॉलरच्या आसपास पडलं. दुसऱ्या ब्रँडचं लायसन्सवालं दोन डॉलर स्वस्त मिळालं तर तेच घ्या, मी अडवणार नाही.

व्हॅल्व्होलिनच्या मॅक्सलाइफ मल्टी-व्हेइकलबद्दल विचारणारे भरपूर असतात. चांगलं फ्लुइड आहे, पाठीमागच्या यादीत डेक्सरॉन सिक्स, मरकॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस अशी बरीच नावं आहेत, आणि ज्यांच्या ड्राइव्हवेवर शेवी, कॅमरी आणि अजून एक काहीतरी अशा तीन कंपन्यांच्या गाड्या आहेत त्यांना एक गॅलन आणून ठेवणं सोयीचं आहे. (सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, मात्र ते घालायचं नाही, त्याचं फ्लुइड वेगळं.) सगळं फ्लुइड बदलायचं असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण नुसता अर्धा-पाव लिटर टॉप-अप करायचा असेल तर आत जे आहे तेच वरून घालावं असं माझं मत. आत मूळ डेक्सरॉन सिक्स, वरून डेक्सरॉन सिक्स, विषय संपला.

आणि ते लीक थांबवणाऱ्या, क्लच सुधारणाऱ्या छोट्या बाटल्या काउंटरजवळ ठेवलेल्या असतात ना, त्या घेऊ नका. त्या रबरी सील फुगवून गळती थोडे दिवस दाबतात, सील मुळात जुनं आणि कडक झालंय ते तसंच राहतं. शिवाय कंपनीने फ्लुइडमध्ये जे घर्षणाचं गणित जुळवलेलं असतं त्यात आपण काहीतरी तिसरंच ओततो.

आता मोजणं. इथे सावकाश वाचा.

४एल६०-ईची डिपस्टिक हूड उघडल्यावर पॅसेंजर साइडला मागे, फायरवॉलच्या जवळ असते, तिच्या हँडलला वर उचलायचं लॉक असतं. इंजिन ऑइलची डिपस्टिक वेगळी, ती पुढे आहे. या दोन्हींची गल्लत करू नका, ट्रान्समिशनच्या नळीत इंजिन ऑइल ओतलेलं मी ऐकलंय आणि ते निस्तरायला पॅन (ट्रान्समिशनच्या तळाचं तेलाचं भांडं) काढून सगळं रिकामं करावं लागतं.

पहिली गोष्ट, इंजिन चालू पाहिजे. आपल्याकडे खूप घरांत होंडा आहेत आणि जुन्या होंडांमध्ये गाडी गरम करून, इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत लेव्हल बघायची असते, त्यामुळे लोक शेवीतही तसंच करतात. इथे ते चुकीचं आहे. इंजिन चालू असताना पंप फ्लुइड उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ट्रान्समिशनकडे नेणारा भाग), कूलरच्या पाइपमध्ये सगळीकडे भरून ठेवतो. बंद केलं की त्यातलं बरंच खाली पॅनमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल भरपूर वर दिसते. म्हणजे फ्लुइड कमी असूनही तुम्हाला वाटेल फुल आहे, आणि तुम्ही हूड लावून निघून जाल.

दुसरी गोष्ट, गरम पाहिजे, पण फार गरम नको. जीएमच्या मॅन्युअलप्रमाणे हॉट चेकला फ्लुइड १८० ते २०० फॅरनहाइट, म्हणजे ८२ ते ९३ सेल्सियसच्या मधे पाहिजे. साधारण १५ मैल चालवून आणली की येतं. माझ्या ट्रकमध्ये डॅशच्या स्क्रीनवर ट्रान्समिशनचं टेंपरेचर दिसतं, ज्यांच्यात दिसत नाही त्यांनी ब्लूटूथचं ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घ्या, फोनवर आकडा दिसतो, मात्र ट्रान्समिशनचं टेंपरेचर दाखवतं ना ते बघून घ्या, काही साधी अॅपं फक्त इंजिनच्या कूलंटचं दाखवतात. फ्लुइड गरम झालं की फुगतं, लेव्हल चांगलीच वर सरकते, म्हणून थंड गाडीत हॉटच्या खुणेपर्यंत भरलं तर गरम झाल्यावर ते जास्त होणार हे उघड आहे.

आणि याच मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे जी टेक्ससवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे: बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर असताना गाडी चालवून आलात, बराच वेळ हायवेच्या स्पीडने आलात, उन्हात ट्रॅफिकमधून आलात किंवा ट्रेलर ओढून आलात, तर निदान ३० मिनिटं थांबून मग लेव्हल बघा. नाहीतर आकडा खोटा येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात या सगळ्या अटी एकाच दुपारी पूर्ण होतात. त्यामुळे मी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, चक्कर मारून आणतो आणि तेव्हाच बघतो.

मग सपाट जागा. ड्राइव्हवेला उतार असतो, तिथे नको, गॅरेजमध्ये आत घ्या किंवा रस्त्याच्या सपाट कडेला. (गॅरेजमध्ये असाल तर शटर पूर्ण उघडं ठेवा, इंजिन चालू राहणार आहे.) पार्किंग ब्रेक ओढा. ब्रेकवर पाय दाबून ठेवून लिव्हर पार्कपासून खालपर्यंत प्रत्येक गिअरमध्ये न्या, प्रत्येक ठिकाणी तीनेक सेकंद थांबा, परत पार्कमध्ये आणा. हे केल्याने व्हॉल्व्ह बॉडीच्या सगळ्या वाटांमध्ये फ्लुइड भरतं. मग पार्कमध्ये तीन मिनिटं किंवा थोडं जास्त आयडल होऊ द्या.

आता डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, तीन सेकंद थांबा, परत काढा. पहिल्यांदा काढलेलं रीडिंग धरायचंच नाही. पुसायला धागे सुटणारं जुनं बनियनचं फडकं नको, निळे शॉप टॉवेल मिळतात ते घ्या, एखादा धागा नळीतून आत गेला तर व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. दोन्ही बाजू बघा. नळी वाकडी आहे, डिपस्टिक वर येताना तिच्या भिंतीला घासते, त्यामुळे एका बाजूला फ्लुइड वरपर्यंत माखलेलं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला खरी रेघ दिसते. दोन्हींपैकी जी खाली आहे तीच खरी. पट्टीवर हॉटच्या जागी जाळीसारखी खूण असते, लेव्हल त्या जाळीत पाहिजे. माझ्या ट्रकमध्ये एका बाजूला जाळीच्या खुणेच्या वर लाल माखलेलं होतं आणि उलटी करून उजेडात तिरकी धरली तर दुसऱ्या बाजूला ती जाळी सुरू होण्याच्याही खाली ओली रेघ संपत होती. एकच बाजू बघितली असती तर फुल समजून सोडून दिलं असतं.

ताजं फ्लुइड लाल, पारदर्शक, त्यामुळे स्टीलच्या पट्टीवर नीट दिसतही नाही. बॅटरी (टॉर्च) बाजूला धरा, किंवा पट्टीचं टोक पांढऱ्या कागदी टॉवेलवर अलगद टेकवा, कागदावर जिथपर्यंत ओलं उमटतं तिथपर्यंत लेव्हल.

डिपस्टिकवर कोल्डचीही खूण असते. ती रात्रभर उभ्या असलेल्या गाडीसाठी, आणि ती फक्त अंदाजापुरती. कोल्डमध्ये फारच कमी दिसत असेल तर थोडं घालून गाडी चालवण्याइतपत करा, पण शेवटचा निर्णय हॉटवरच.

आता ओतणं, आणि इथे माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वसूल करणारी वस्तू म्हणजे बारीक तोंडाचं लांब नरसाळं. सात-आठ डॉलरचं, लवचिक नळीचं, तळाशी बारीक जाळी असलेलं घेतलंय. फ्लुइड घालायची वेगळी जागा या ट्रान्समिशनला नाही, ज्या नळीत डिपस्टिक राहते त्यातूनच घालायचं, ती नळी बोटाएवढी आणि इंजिनच्या मागे अडचणीत, वर एक्झॉस्टचा गरम भाग जवळ. साधं किचनचं नरसाळं लावलं तर अर्धं तेल बाहेर सांडणार आणि गरम एक्झॉस्टवर पडलं की धूर होणार, पेटूही शकतं. या नरसाळ्याला पाचपैकी चार, एक कापला कारण वरचं तोंड लहान आहे आणि भराभर ओतलं की तुंबतं, मग हळूच ओतावं लागतं. तसं बघितलं तर या कामात हळू ओतणंच बरं.

दुसरी वस्तू म्हणजे डॉलर स्टोअरमधला प्लास्टिकचा मेजरिंग कप, मिलिलिटरच्या खुणांचा, गॅरेजसाठी वेगळा ठेवलेला. बाटलीतून थेट ओतू नका. मॅन्युअल सांगतं की साधारण एका पाइंटपेक्षा, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा कमीच लागतं. क्वार्ट म्हणजे ९४६ मिली, त्यामुळे अख्खी बाटली एका दमात ओतणं म्हणजे जवळपास नक्की ओव्हरफिल. मी आधी २५० मिली घातलं, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबलो कारण नळीच्या भिंतीवरून फ्लुइड निथळून खाली जायला वेळ लागतो आणि लगेच डिपस्टिक घातली तर सगळीकडे लालच लाल दिसतं, काहीच कळत नाही. परत लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवली, परत बघितलं, अजून दीडशेच्या आसपास घातलं आणि रेघ जाळीच्या मधोमध आली. मधोमध आली की थांबायचं. वरच्या टोकापर्यंत भरायचा हट्ट नको.

कारण जास्त झालेलं कमी असल्याइतकंच वाईट. लेव्हल फार वर गेली की आतले फिरणारे भाग फ्लुइड घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते, हवेवर प्रेशर तयार होत नाही, मग क्लच घसरतात आणि व्हेंटमधून तेल बाहेर येतं, वरून लोक म्हणतात गळतंय म्हणजे अजून घाला. मग सायफनने किंवा पॅनमधून काढत बसा.

फरक पडला का? हो, पडला. सकाळचा रिव्हर्स लगेच लागायला लागला, झटका गेला.

पण इथे थांबू नका, आणि या अख्ख्या लिखाणातलं हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, जुन्या इंजिनमध्ये कमी होणं चालतं. ट्रान्समिशन फ्लुइड जळून संपत नाही. ते कमी झालंय म्हणजे कुठून तरी बाहेर गेलंय. बाटली ओतून समाधान मानलं की काही महिन्यांनी परत तीच लेव्हल, आणि एखाद्या दिवशी हायवेवर पाइप सुटला तर काही मिनिटांत ट्रान्समिशन कोरडं पडतं. तेव्हा टॉप-अप झाल्यावर खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा आणि थेंब कुठे पडतो ते बघा. ४एल६०-ईमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पॅनचं गॅस्केट (१६ बोल्टचा पॅन), मागे प्रॉपेलर शाफ्ट जिथे आत जातो तिथलं सील, पुढे बेल हाउसिंगच्या तळाशी दिसलं तर पंपाचं किंवा कन्व्हर्टरचं सील आणि ते महाग काम, आणि रेडिएटरकडे जाणारे कूलरचे पाइप.

माझं पाइपातच निघालं. रेडिएटरला जिथे पाइप घुसतो तिथे क्विक-कनेक्ट असतो, आत एक छोटी ओ-रिंग आणि एक तारेची क्लिप, वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ती ओ-रिंग कडक होते. पुठ्ठ्यावर मोठा डाग नव्हताच, पाइपाच्या खालच्या बाजूला फक्त ओलसर लाल थर आणि त्याच्यावर धूळ चिकटून काळपट चिखल झालेला, बोट फिरवल्यावर कळलं. जवळच एक फक्त ट्रान्समिशनचंच काम करणारं छोटं गॅरेज आहे, तिथल्या म्हाताऱ्या मेक्सिकन काकांनी गाडी वर घेतली, पाच मिनिटांत तेच दाखवलं, दोन्ही फिटिंग बदलली आणि ट्रान्समिशन उघडायची काही गरज नाही असं स्वतःहून सांगितलं. असा माणूस मिळाला की त्याला सोडू नका.

कारण उलटा अनुभवही आहे. त्याच्या आधी एका झटपट ऑइल बदलून देणाऱ्या ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथे डिपस्टिक न काढताच मशीनने फ्लश करा (जुनं फ्लुइड ढकलून काढून नवं भरा) म्हणाले, दोनशे डॉलरच्या वर. लेव्हल किती आहे विचारलं तर उत्तर नाही. कुठलं फ्लुइड वापरता विचारलं तर सगळ्या गाड्यांना चालतं ते. कुठे गळतंय का बघणार का, तर ते आमच्यात येत नाही. मी गाडी काढून आणली. फ्लश वाईटच असतो असं मी म्हणत नाही, पण जो माणूस आधी लेव्हल, रंग आणि वास बघत नाही त्याच्या हातात ट्रान्समिशन देऊ नये.

रंग आणि वासाचंही सांगतो, कारण डिपस्टिक काढलीच आहे तर फुकटात कळतं. लाल किंवा थोडं तपकिरीकडे झुकलेलं लाल, ठीक. गडद तपकिरी आणि जळका वास, म्हणजे क्लच जळतायत किंवा गाडी खूप तापलीये, या ट्रान्समिशनमध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पॅक जळणं हे नेहमीचं दुखणं आहे, अशा वेळी नुसतं टॉप-अप करून उपयोग नाही, पॅन काढून बघावं लागेल. पॅनच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी चिखल असतोच, पण धातूचे तुकडे दिसले तर मोठं काम आहे. आणि डिपस्टिकवर दुधात रोझ सिरप घातल्यासारखं गुलाबी फेसाळ दिसलं तर गाडी चालवूच नका, टो करून न्या. ट्रान्समिशनचा कूलर रेडिएटरच्या आत असतो, तो आतून फुटला की कूलंट आणि फ्लुइड एकमेकांत मिसळतात आणि पाण्याने क्लचची लायनिंग सुटायला लागते. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियर या प्रकारासाठी प्रसिद्ध आहेत, सेकंडहँड घेणार असाल तर रेडिएटर बदललाय का हे आधी विचारा.

टॉप-अप म्हणजे फ्लुइड बदलणं नव्हे हेही लक्षात ठेवा. जीएमचा सल्ला साध्या वापराला १,००,००० मैल आणि ट्रेलर, डोंगराळ भाग किंवा गरम हवेतलं शहरी ट्रॅफिक असेल तर ५०,००० मैल असा आहे. ह्यूस्टनमध्ये राहून ट्रेलर ओढणाऱ्याने दुसराच आकडा धरायचा. पॅन काढून फिल्टर बदलताना साधारण पाच क्वार्ट लागतात, कन्व्हर्टर धरून पूर्ण भरणा अकरा क्वार्टच्या आसपास, म्हणजे एका वेळी निम्म्याहून कमीच बदललं जातं. ट्रेलर लावल्यावर लिव्हरच्या टोकाचं टो/हॉलचं बटण दाबा, गाडी सारखी तिसरा-चौथा तिसरा-चौथा करत बसत नाही आणि त्या गिअर बदलण्यातून येणारी उष्णता वाचते. पथकाचं सामान नेताना बटण दाबून आणि न दाबता स्क्रीनवरचं टेंपरेचर बघितलंय, फरक स्पष्ट दिसतो.

ज्यांच्याकडे दुसऱ्या ट्रक आहेत त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. फोर्ड एफ-१५० मध्ये सिक्स-स्पीडवाल्याला मरकॉन एलव्ही लागतं, त्याची डिपस्टिक हूडखाली नसून ट्रान्समिशनच्या अंगावर, गाडीखाली, एक्झॉस्टच्या शेजारी एका बोल्टच्या टोपणाखाली असते, आखूड असते, आणि इंजिन चालू ठेवून गरम एक्झॉस्टजवळ हात घालावा लागतो, घरी जॅकवर करू नका. नंतरच्या टेन-स्पीडला मरकॉन यूएलव्ही, ते अजून पातळ, एलव्हीच्या जागी चालत नाही. जुन्या रॅमला एटीएफ प्लस फोर, पण एट-स्पीडवाल्या रॅमला झेडएफ कंपनीचं वेगळं फ्लुइड. २००५ नंतरच्या व्ही-सिक्स टोयोटा टकोमाला डिपस्टिकच नाही, ठराविक टेंपरेचरला खालचा प्लग उघडून फ्लुइड बारीक धारेत गळतं का ते बघायचं असतं. भारतात २०२२ पासून हायलक्स मिळते, तिच्या ऑटोमॅटिकचं पण असंच, नाशिकला चुलतभाऊ विचारत होता घरी बघू का, त्याला सरळ सर्व्हिस सेंटरला जा म्हणून सांगितलं.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून, उभी, थंड जागेत ठेवा, फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं त्यामुळे उघडी अर्धी बाटली वर्षानुवर्षं ठेवून परत वापरू नका. काढलेलं जुनं फ्लुइड ऑटोझोन किंवा ओरायलीच्या बहुतेक दुकानांत फुकट घेतात, इंजिन ऑइलमध्ये मिसळलेलं चालतं पण कूलंट किंवा ब्रेक फ्लुइड मिसळलं तर घेत नाहीत, आणि जाण्याआधी फोन करून विचारा, कधी कधी त्यांची टाकी भरलेली असते.